शून्य गेलं कुठं?

जुलै २०१७. सांगलीच्या गणपती पेठेतली आमची हळदीची पेढी. १ तारखेला जीएसटी लागू झाला होता आणि मी, चव्वेचाळीस वर्षांचा दिवाणजी, नव्या कॉम्प्युटरसमोर बसून एक्सेलमध्ये हळदीचा एचएसएन नंबर, म्हणजे करासाठी ठरवलेला मालाचा क्रमांक, टाकत होतो. ०९१०. एंटर दाबला की पडद्यावर ९१०. पुन्हा टाकला, पुन्हा ९१०. बेदाण्याचा टाकून बघितला, ०८०६. त्याचंही ८०६ झालं. पंचवीस वर्षं किर्द-खतावणी लिहिलेला माणूस मी, आणि मला एक शून्य जागेवर बसवता येईना. शेठ मागं उभे राहून चहा पीत होते. ते काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

तेवढ्यात बिल्टी द्यायला ट्रान्सपोर्टचा पोरगा आला. त्यानं माझ्या खांद्यावरून हात घालून माऊस घेतला, अख्खा कॉलम निवडला, कुठंतरी 'टेक्स्ट' असं केलं आणि म्हणाला, "काका, त्याला वाटतंय ही रक्कम हाय. रकमेच्या आधी शून्य लावून काय उपयोग? त्याला सांगा, हे नाव हाय म्हणून." मी ०९१० टाकलं. शून्य जागेवर राहिलं. पोरगा सही घेऊन निघून गेला.

हळद ०९ च्या प्रकरणात का येते आणि बेदाणा ०८ मध्ये का, राजापुरी हळदीचा आणि परपेठ, म्हणजे बाहेरच्या पेठेतून आलेल्या, मालाचा भाव वेगळा का निघतो, कुठला अडत्या पट्टी उशिरा पाठवतो, यातलं त्या पोराला काही ठाऊक नव्हतं. त्याला जे ठाऊक होतं ते मी दहा सेकंदांत शिकलो. माझं त्याला शिकायचं असतं तर दहा वर्षं उमेदवारी करावी लागली असती. त्या रात्री सायकलवरून घरी जाताना हा हिशेब माझ्या डोक्यात बसला, आणि तोच आज तुमच्यापुढं मांडायचा आहे.

तुम्ही म्हणजे कोण? औषधांच्या होलसेल दुकानात बिलं फाडणारे, पतसंस्थेच्या काउंटरवर बसणारे, एमआयडीसीतल्या कारखान्याच्या स्टोअरमध्ये चलन-गेटपास बघणारे, बिल्डरच्या ऑफिसात हजेरी आणि सिमेंटच्या पोत्यांचा हिशेब ठेवणारे. तिशी-चाळिशीतले. पगार वाढत नाही, शेजारच्या टेबलावर नवा मुलगा येऊन बसलाय आणि तो कीबोर्डकडं न बघता टाइप करतो. घरी व्हॉट्सॲपवर रोज एक जाहिरात येते: डिजिटल व्हा, नाहीतर मागं पडाल. पोटात गोळा येतो. माझं म्हणणं एवढंच, की त्या गोळ्यापायी लगेच पन्नास-साठ हजारांचा क्लास लावू नका. आधी स्वतःच्या टेबलाकडं बघा. आठवड्यातलं कुठलं काम तुमचा शनिवार खातं? तिथून सुरुवात करा.

सर्टिफिकेटं आपल्याकडं कमी नाहीत. एमकेसीएलनं २००१ साली एमएस-सीआयटी हा कॉम्प्युटरचा कोर्स सुरू केला आणि गावोगावच्या माणसांचा हात पहिल्यांदा माऊसवर पडला. हे काम मोठंच. पण त्यानंतर आपण काय केलं? सर्टिफिकेट लॅमिनेट करून फाइलमध्ये ठेवलं. माझ्या माहितीतल्या किती जणांनी कोर्स संपल्यावर एक्सेल पुन्हा उघडलं, विचारू नका. पोहण्याचं पुस्तक पाठ करून कृष्णेत उतरणाऱ्याची गत होते तशीच आपली झाली. मार्कलिस्टातले आकडे घेऊन बेरीज शिकलो; ते आकडे आपले नव्हते, त्यामुळं बेरीज चुकली तरी पोट दुखलं नाही.

स्वतःच्या वैतागातून जे शिकलं जातं ते टिकतं. टॅलीचंच बघा. आज गल्लीबोळातल्या हिशेबनिसाला ज्याच्यावाचून चालत नाही ते टॅली बंगळूरच्या एका व्यापारी घरात जन्माला आलं. श्यामसुंदर गोएंका गिरण्यांना माल पुरवायचे. हिशेब ठेवायला मनासारखं सॉफ्टवेअर मिळेना, तेव्हा त्यांनी गणित शिकलेल्या मुलाला, भरतला, ते लिहायला सांगितलं. हे १९८६ चं. तेव्हा कंपनीचं नाव प्यूट्रॉनिक्स होतं. बापाला जमा-नावे कळत होतं, मुलाला प्रोग्रॅम. तुम्हाला मुलाइतकं यायला नको. पण बापाचं अर्धं काम तुम्ही आधीच केलेलं आहे, हे मात्र विसरू नका.

आता माझा शनिवार खाणारं काम सांगतो.

महिन्याच्या १४ तारखेला जीएसटीच्या पोर्टलवर टू-बी येतं. आपल्याला माल विकणाऱ्यांनी कुठकुठली बिलं सरकारला दाखवली, त्याची ती यादी. जानेवारी २०२२ पासून नियम कडक झाला: विकणाऱ्यानं बिल दाखवलं नसेल, तर तुम्ही पैसे मोजलेले असले तरी त्या बिलावरच्या कराची वजावट त्या महिन्यात मिळत नाही. एक लाखाचं मशीन घेतलं, वर १८ हजार जीएसटी भरला आणि विकणारा झोपला, तर ते १८ हजार तुम्हाला खिशातून घालावे लागतात. २० तारखेला थ्री-बी, म्हणजे महिन्याचं विवरणपत्र, भरायचं. मध्ये उरतात सहा दिवस, त्यात एक रविवार.

सुरुवातीला मी काय करायचो? दोन्ही याद्यांचे प्रिंट काढायचे, पट्टी लावायची, लाल पेनानं एकेक बिल टिकायचं. सीझनमध्ये, म्हणजे फेब्रुवारी ते मे, अडत्यांची तीन-चारशे बिलं. दोन दिवस जायचे. डोळे चुरचुरायचे, आणि तरी एखादं सुटायचंच.

मग शिकलो. फार काही नाही. आपल्या खरेदीच्या यादीत एक रिकामा कॉलम घ्यायचा आणि त्यात विकणाऱ्याचा जीएसटी नंबर आणि बिल नंबर '&' या खुणेनं जोडायचे, म्हणजे दोन्ही मिळून एक लांबलचक नाव तयार होतं. टू-बीच्या यादीतही तसंच करायचं. मग आपल्या यादीत शेजारी काउंटइफ हा फॉर्म्युला लावायचा: हे नाव तिकडं किती वेळा आहे? जिथं १ आलं ते बिल जुळलं. जिथं ० आलं, तिथं फोन लावायचा. मग हेच नाव आपल्याच यादीत किती वेळा आहे, तेही मोजायचं. तिथं २ आलं तर जरा जपून. कुणीतरी एकच बिल दोनदा चढवलेलं असतं, आणि तो कुणीतरी बहुधा आपणच असतो.

पहिल्यांदा केलं तेव्हा जवळपास सगळीकडं ० आलं. घामच फुटला. मग लक्षात आलं, आम्ही बिल नंबर ०४५ लिहितो आणि अडत्या ४५. कुणी नंबरापुढं वर्षही लिहितो. कुणी नंबराच्या मागं एक स्पेस सोडून देतो, जी डोळ्यांना दिसत नाही पण मशीनला दिसते. ट्रिम नावाचं एक फंक्शन आहे, ते मागची-पुढची मोकळी जागा कापून टाकतं. बाकीचं मी हातानं सरळ केलं आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या अडत्यांना व्हॉट्सॲप केला: बिल नंबर अमुक पद्धतीनंच लिहा. तिघांनी ऐकलं. उरलेल्यांच्या मागं वर्षभर लागलो. आता ते दोन दिवसांचं काम चहा गार व्हायच्या आत होतं, आणि वाचलेल्या वेळात मी ० आलेल्यांना फोन करतो. पेढीचे पैसे त्या फोनांनी वाचतात.

शेठनी पगार कधी वाढवला ते सांगू? एक्सेल शिकलो तेव्हा नाही. एका १५ तारखेला त्यांनी विचारलं, "या महिन्यात किती अडकलंय?" आणि मी वही न उघडता, कुणाकडं किती, हे नावानिशी सांगितलं तेव्हा. तोवर मी लिहून घेणारा होतो.

या जीएसटी नंबराचंही सांगून टाकतो, कारण तो रोज टाइप करणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांना तो वाचता येत नाही. पंधरा खाने असतात. पहिले दोन आकडे राज्याचे: महाराष्ट्र २७, कर्नाटक २९, गोवा ३०, गुजरात २४. पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. त्यातलं चौथं अक्षर बघा: 'पी' असेल तर एकटा माणूस, 'एफ' म्हणजे भागीदारी, 'सी' म्हणजे कंपनी. आम्हा सांगलीकरांना कर्नाटक हाकेच्या अंतरावर. अथणीचं गिऱ्हाईक मिरजेच्या गिऱ्हाइकासारखंच दारात येतं, बोलतंही मराठीच. पण माल अथणीला जाणार असेल तर बिलावर आयजीएसटी लागतो. २९ बघून हात थांबला पाहिजे. नाहीतर कर चुकीच्या खात्यात जातो, बरोबर खात्यात पुन्हा भरायचा आणि पहिला परत मागत बसायचा. हे कुठल्याही डिजिटल मार्केटिंगच्या कोर्सात शिकवत नाहीत. पण दुकानाच्या मालकाला विचारा, त्याला कशाची किंमत जास्त आहे.

आमच्याकडं एक मुलगी होती. माधवनगरहून यायची, बारावी झालेली, एंट्री करायला ठेवली होती. सौद्याच्या चिठ्ठ्या तिच्याकडं यायच्या: लॉट, अडत्या, पोती, भाव. त्या ती चढवायची आणि फाइल बंद करायची. एके दिवशी तिनं विचारलं, "काका, पॉलिशवरून माल परत येतो त्याचं वजन कुठं लिहितात?" ते गोडाऊनच्या वहीत होतं, आणि ती वही पेढीवर कधी येतच नव्हती. तिनं हमालांच्या मुकादमाला रोज त्या पानाचा फोटो पाठवायला लावला आणि चिठ्ठीशेजारी पॉलिशनंतरचं वजन लिहायला लागली. दोन महिन्यांनी तिनं अडत्यावार घट काढली. पिव्हट टेबल वापरून. तेही तिला येत नव्हतं, जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर व्हिडिओ बघत, शेजारी आमचीच फाइल उघडून शिकली.

त्यातून काय निघालं बघा. समजा एक लॉट क्विंटलला १२,००० नं मिळाला आणि पॉलिशला आठ टक्के घटला. हातात राहिले ९२ किलो, म्हणजे किलो पडला १३० रुपये ४३ पैशांना. दुसरा लॉट १२,४०० चा, पण घटला चारच टक्के. तो पडला १२९ रुपये १७ पैशांना. सौद्यात उभं राहिल्यावर पहिला स्वस्त वाटतो. आमचे शेठ चाळीस वर्षं सौद्यात उभे राहिलेले. हळकुंड मोडून, वास घेऊन भाव करणारे. त्यांना हे अंदाजानं ठाऊक होतंच. पण कुणाचा माल नेमका किती घटतो हे कागदावर पहिल्यांदा त्या मुलीनं दाखवलं. त्यानंतर सकाळी सौद्याला निघण्याआधी शेठ तिच्या टेबलाशी थांबायला लागले. आता ती वाशीला एका मसाला निर्यातदाराकडं खरेदीचं काम बघते. इथं तिच्या खुर्चीवर जो आला तो तिच्यापेक्षा वेगानं टाइप करतो. चिठ्ठी चढवतो आणि फाइल बंद करतो.

तिच्याकडं काय होतं जे बाकीच्यांकडं नव्हतं, हा विचार मी पुष्कळ केलाय. हुशारी म्हणावी तर तिच्यापेक्षा हुशार पोरं आमच्याकडं येऊन गेली. मला वाटतं, आपण जे चढवतो त्याचं पुढं काय होतं, याची तिला खाज होती. ती खाज असेल तर मशीन आपसूक येतं. नसेल तर एक्सेलचे सगळे फॉर्म्युले पाठ करूनही माणूस एंट्रीच करत राहतो.

मशीनवर विश्वास किती ठेवायचा, हाही शिकण्यातलाच भाग. एक्सेल मदत करायला इतकं उतावीळ असतं की विचारतही नाही. बिल नंबर ३-१२ लिहा, ते त्याची ३ डिसेंबर करून टाकतं. हसू नका, मोठमोठे शास्त्रज्ञ यात फसलेत. माणसाच्या काही जनुकांची नावं इंग्रजी महिन्यांसारखी होती, 'मार्च-१', 'सेप्ट-१' अशी. एक्सेल त्यांच्या तारखा करायचं आणि संशोधनाच्या याद्या बिघडायच्या. शेवटी २०२० साली नावं ठरवणाऱ्या समितीनं एक्सेलपुढं हात टेकले आणि जनुकांचीच नावं बदलली. तुमच्या बिलांची काय कथा.

याहून वाईट आहे ते खातेक्रमांकांचं. एक्सेल पंधराच आकडे नीट लक्षात ठेवतं. सोळा आकडी खातेक्रमांक रक्कम म्हणून टाकला, तर शेवटचा आकडा गुपचूप शून्य होतो. गुपचूप. लाल खूण नाही, बेल वाजत नाही. एकाच वेळी पन्नास शेतकऱ्यांच्या खात्यांवर पैसे सोडायची फाइल तुम्ही करत असाल, तर त्यातला एक नंबर असा बदललेला असू शकतो. खातेक्रमांक, आधार, मोबाइल, एचएसएन, बिल नंबर: ज्यांची बेरीज करण्यात अर्थ नाही ते सगळे कॉलम आधी टेक्स्ट करायचे आणि मगच भरायला घ्यायचे. ट्रान्सपोर्टच्या पोरानं सांगितलेलं हेच.

शिकायचं कुठं, असं विचाराल. फुकट पुष्कळ आहे. सरकारचं स्वयम् आहे, २०१७ पासूनचं. आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्यूटोरियल हा प्रकल्प आहे, त्यात छोटे छोटे धडे मराठीतूनही आहेत. त्यातले लिब्रेऑफिसचे बघा. लिब्रेऑफिस फुकट मिळतं, एक्सेलचा चुलतभाऊ म्हणा, आणि तिथं शिकलेलं बरंचसं एक्सेललाही चालतं. यूट्यूबवर तर मराठीतून शिकवणारे ढीगभर आहेत. फक्त एक पथ्य पाळा: व्हिडिओ नुसता बघायचा नाही. दोन मिनिटं बघायचा, थांबवायचा, आपल्या फाइलवर करायचं. आपल्या फाइलची नक्कल काढून, बरं का. मूळ फाइलवर प्रयोग करणाऱ्याला मी पेढीवर उभं करत नाही.

बायकांना मुद्दाम सांगतो, कारण संध्याकाळी सात ते नऊच्या क्लासची जाहिरात ज्यांनी काढली त्यांच्या घरी स्वयंपाक दुसरं कुणीतरी करत असणार. क्लासला जाता येत नाही म्हणून आपलं राहिलं, असं मनाला लावून घेऊ नका. त्या माधवनगरच्या मुलीनंही घरी जाऊन काही केलं नाही. जेवणाच्या सुट्टीतली वीस मिनिटं आणि समोरचं काम, एवढ्यावर ती शिकली.

एक्सेल सोडून दोन-तीन गोष्टी पटकन सांगतो. मराठी टायपिंग युनिकोडमध्ये शिका. जुन्या फाँटमधलं पत्र दुसऱ्याच्या मशीनवर उघडलं की नुसते किडे-मुंग्या दिसतात. फाइलींना नाव देताना आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहा, म्हणजे त्या आपोआप ओळीनं लागतात. 'नवीन', 'नवीन फायनल', 'नवीन फायनल खरं' हा प्रकार बंद करा. बिलाचा वाकडातिकडा फोटो न पाठवता मोबाइलनंच स्कॅन करून पीडीएफ पाठवा. क्षुल्लक वाटतं, पण समोरचा व्यापारी यावरूनच तुमच्या पेढीला जोखतो.

आणि पाणी.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा गणपती पेठेत आली. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वर्षी पाणी तिच्या कितीतरी वर गेलं. आम्ही खतावण्या वरच्या फळीवर टाकल्या, कॉम्प्युटर टेबलावर चढवला, कुलूप लावलं. परत आलो तेव्हा टेबल उलटं तरंगून दाराशी अडकलं होतं आणि वरच्या फळीपर्यंत चिखलाची रेघ होती. खतावण्यांची पानं एकमेकांना चिकटून विटा झालेल्या. मशीन उघडलं तर आतून गाळ निघाला. त्याच मशीनला लावलेला बॅकअपचा पेनड्राइव्हही गाळातच होता. बॅकअप घेतला होता हो आम्ही, फक्त मशीनलाच टोचून ठेवला होता. वाचलं ते एवढंच, की जुलैअखेरचा टॅलीचा बॅकअप मी सीए साहेबांना मेल केला होता, तोही त्यांनी तीनदा मागितला म्हणून. त्या एका मेलवर आम्ही येणी वसूल केली. तेव्हापासून दर शनिवारी संध्याकाळी एक प्रत मेलवर जाते आणि एक पेनड्राइव्ह माझ्या घरी, जे उंचावर आहे. महिन्यातून एकदा ती प्रत दुसऱ्या मशीनवर उघडूनही बघतो. न उघडलेला बॅकअप म्हणजे न वाजवलेला रुपया.

फसवणुकीचंही कौशल्यातच धरा. मला मेल आला होता, जुन्या बारदानवाल्याच्या नावानं: आमचं बँक खातं बदललंय, यापुढं या नंबरवर पैसे सोडा. लेटरहेड तेच, सही तीच. मी त्याला फोन केला, मेलमधल्या नंबरवर नव्हे, आमच्या डायरीतल्या जुन्या नंबरवर. तो म्हणाला, कसलं खातं? खातं बदललं असं कुणीही कळवलं की जुन्या नंबरवर फोन, हा नियम पेढीवर लिहून लावा. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे काउंटरवरच्या प्रत्येकाला पाठ करवा. चलनाच्या किंवा लग्नपत्रिकेच्या नावानं एपीके फाइल आली तर हात लावू नका. आणि घडलंच काही, तर लाजत न बसता लगेच १९३० ला फोन करा. पैसे पुढं सरकायच्या आत अडवले गेले तरच हाती लागतात. छोट्या उद्योगांची सरकारी उद्यम नोंदणी फुकट असते, तिचे दोन हजार मागणारा दिसला तर तोही फसवणाराच समजा.

आता सगळे विचारतात, एआय आलंय, मग हे शिकून काय करायचं? मी वापरतो. मराठीत लिहितो, 'माझ्याकडं दोन याद्या आहेत, अमुक कॉलममध्ये जीएसटी नंबर आहे, न जुळणारी बिलं हवीत', आणि ते फॉर्म्युला लिहून देतं. पूर्वी त्यासाठी मी पुतण्याची वाट बघायचो. पण दिलेला फॉर्म्युला मी आधी पाच ओळींवर लावतो आणि त्या पाच ओळी हातानं तपासतो. कधीकधी ते छातीठोकपणे चुकीचं सांगतं, अगदी आमच्या एका जुन्या एजंटासारखं. गिऱ्हाइकांचे पॅन, खाती, उधारीची यादी असलं काही त्यात टाकत नाही. खोटी नावं घालून विचारतो. आणि परपेठ माल म्हणजे काय, हे मलाच त्याला समजावून सांगावं लागतं.

मालकहो, तुमच्याशीही दोन शब्द. तुमच्या पेढीवरचा माणूस एक्सेल उघडून बसला की तुम्हाला तो टिवल्याबावल्या करतोय असं वाटतं. आठवड्यातला एक तास त्याला द्या आणि मागून बघत उभे राहू नका. शिकला की सोडून जाईल, ही भीती मला कळते; आमची ती मुलगी गेलीच. पण तिनं काढलेली घटीची शीट आजही रोज सकाळी उघडते. आणि चार वर्षांत तिनं जे वाचवलं ते तिच्या पगाराशी लावून बघा म्हटलं, तर आमचे शेठ विषय बदलतात.

आता तुमचं. येत्या १४ तारखेला टू-बी उतरवून घ्या. जीएसटीशी तुमचा संबंध नसेल तर स्टॉकची यादी घ्या, हजेरीचा तक्ता घ्या, उधारीची वही घ्या. दोन याद्या जुळवायचं काम प्रत्येक टेबलावर असतं. नक्कल काढा. जोडून एक नाव तयार करा, काउंटइफ लावा. पहिल्याच फटक्यात सगळीकडं ० आलं तर घाबरू नका, माझंही आलं होतं. नंबरांच्या मागं कुठं मोकळी जागा राहिलीय का बघा. आणि पुढचं शून्य गेलंय का, तेही.